आठच लिहा

आधीच सांगून ठेवते, मला राग लवकर येतो. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बाजूच्या सीटवर बसून जिने अर्धं आयुष्य काढलंय, तिला तो येणारच. समोरून ट्रक येतोय आणि आमचे विद्यार्थी आरशात स्वतःचा भांग बघतायत. अशा वेळी शांत राहणारी माणसं जगात असतील, त्यांना माझा कोपरापासून नमस्कार. मी ओरडते, आणि ओरडता ओरडता माझ्या पायाखालचा दुसरा ब्रेक दाबते.

तो दुसरा ब्रेक म्हणजेच माझी नोकरी. स्टिअरिंग त्यांचं, चुका त्यांच्या, लायसन्सही त्यांचंच. मी फक्त कुणी मरत नाही ना, एवढं बघायचं. घरीही तेच. नवऱ्याने साहेबाच्या तोंडावर राजीनामा फेकायचा बेत केला की ब्रेक मी लावायचा. मुलीने परीक्षेच्या आदल्या दिवशी रडायला सुरुवात केली की तिथेही मीच. गाडी कुठे न्यायची हे मला कधी कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही कधी सांगितलं नाही.

मग माझ्याकडे एक दातांचे डॉक्टर गाडी शिकायला आले. दवाखाना बंद करून घरी बसलेले, म्हातारपणी हौस आलेली. गिअर बदलताना दर वेळी ‘सॉरी’ म्हणायचे, मला की गाडीला, कोण जाणे. ते गावाबाहेरच्या रायफल क्लबात जायचे. एका रविवारी मला म्हणाले, मॅडम, तुमची नजर चांगली आहे, एकदा येऊन तर बघा. मी गेले. चटईवर पालथी झोपले, रायफलचा दस्ता खांद्याला टेकवला, श्वास अर्धा सोडला आणि ट्रिगर दाबला. गोळी टार्गेटच्या पार कोपऱ्यात लागली. लागली तर लागली, पण ती माझी होती. सुटल्यावर तिला कुणी ब्रेक लावू शकत नव्हतं, मीसुद्धा नाही. इतका आनंद मला लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता, आणि हे मी नवऱ्याला तोंडावर सांगितलेलं आहे.

छोट्या रेंजवर, पन्नास मीटरवर, माझं बरं चाललं होतं. पण माझा डोळा होता पलीकडच्या मैदानावर. तिथे सहाशे मीटरवर नेम धरायचा असतो. टार्गेट इतकं लांब की नुसत्या डोळ्यांना ते टिकलीएवढं दिसतं. मध्ये झेंडे लावलेले असतात, वारा कुठून कुठे चाललाय ते बघायला. वाऱ्याने एक झेंडा जरा जरी उचलला तर गोळी हातभर बाजूला जाते. म्हणजे गोळी मारायची एकीकडे आणि लागायची दुसरीकडे, आणि हा हिशेब आपला आपण करायचा. मला तेच पाहिजे होतं.

त्या मैदानावर राज्य होतं सेनापतीचं. हे त्याचं टोपणनाव. लष्करात हा माणूस एक दिवस गेलेला नाही. बाजारात त्याचं नळ आणि संडासाच्या भांड्यांचं दुकान आहे. पण मिशा भरघोस, चालणं छाती काढून, आणि क्लबची दरवर्षीची बक्षिसाची ढाल वर्षानुवर्षं त्याच्याच दुकानात, कमोडच्या वरच्या फळीवर. क्लबच्या समितीतही त्याचीच माणसं. मी लांबच्या रेंजसाठी अर्ज केला तेव्हा त्याने मला बाजूला घेऊन अगदी प्रेमाने समजावलं. बाई, म्हणाला, पन्नास मीटरवर तुमचं छान चाललंय, तिथे शिकायला येणाऱ्या मुलांनाही तुमचा आधार वाटतो, तिथेच रमा ना. लांबची रेंज म्हणजे खांद्याचं काम, जबाबदारीचं काम.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, जबाबदारीचं मला नका सांगू, रोज पाच माणसांचा जीव माझ्या डाव्या पायाखाली असतो. त्याने खांदे उडवले. पण क्लबच्या नियमात नवशिक्याला एक मोसम द्यावा लागतो, म्हणून त्यांना मला घ्यावंच लागलं. नियम असा: क्लबची एक रायफल मोसमभर नवशिक्याच्या हाती. मोसमाच्या शेवटच्या सामन्यात दहा गोळ्यांत शंभरातले पंच्याऐंशी गुण काढले तर तो कायमचा सभासद होतो आणि रायफल त्याच्याकडेच राहते. नाही काढले तर रायफल रांगेतल्या पुढच्या माणसाकडे, आणि आपण रांगेच्या शेपटाला. रांग एवढी मोठी होती की माझा नंबर परत येईपर्यंत मला चटईवरून उठवायला दोन माणसं लागली असती. म्हणजे माझ्यासाठी एवढा एकच मोसम होता.

लांबच्या रेंजवरचा माझा पहिलाच दिवस, आणि मी माती खाल्ली. तिथे सगळी टार्गेटं एका ओळीत उभी असतात, प्रत्येकाच्या माथ्यावर नंबर. नेम धरताना मी मान वर करून झेंडे बघितले, वारा मनात धरला, परत डोळा रायफलवरच्या साईटला लावला, श्वास सोडला आणि इतकी सुरेख गोळी मारली की काय सांगू. नेमकी मधोमध, दहा. फक्त ती शेजारच्या टार्गेटवर. झेंड्यांकडे बघून परत येताना डोळा एक घर चुकला होता. या खेळात ही चूक सगळ्यांकडून होते, आणि हिला माफी नाही. आपल्याला शून्य. ज्याच्या टार्गेटवर दोन भोकं पडली, त्याला त्यातलं जास्त गुणांचं भोक. शेजारी होता सेनापती. त्याची स्वतःची गोळी सातवर होती. त्याने माझी दहा आनंदाने खिशात घातली.

आणि मग हॉर्न. रेंजच्या टोकाला खांबावर एक जुना हॉर्न टांगलाय, रबरी फुगा दाबून वाजवायचा, भोंपू म्हणतात तसला. दुसऱ्याच्या टार्गेटवर गोळी मारणाऱ्याने स्वतः उठून जायचं, तो वाजवायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं आपलं नाव घेऊन म्हणायचं, मी चुकलो. शिक्षा नव्हे, रीत आहे. मोठमोठ्यांनी तो वाजवलाय. दातवाल्या डॉक्टरांनी तर इतक्यांदा, की ते म्हणतात फुगा माझ्या हाताच्या मापाचा झालाय. मीही गेले आणि वाजवला. तोंड कानापर्यंत तापलं होतं. सगळे हसले, मीही हसले. मग सेनापती मोठ्याने म्हणाला, “गाडी शिकवणाऱ्या बाईंचीच लेन चुकली.” हसू परत उसळलं. त्यानंतर म्हणाला की त्याने स्वतः आजवर या हॉर्नला बोटही लावलेलं नाही. खरंच होतं ते, सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मनात म्हटलं, थांब लेका.

तेव्हापासून मी इरेला पेटले. नवशिक्यांना खंदकात सगळ्यात जास्त उभं करतात, तशी मीही राहिले. टार्गेटांच्या खाली भिंतीआड एक लांब खंदक असतो. वरून गोळी सटकन जाते, मग आपण टार्गेट खाली ओढायचं, नवं भोक शोधायचं, त्यात लांबून दिसेल अशी रंगीत चकती बसवायची, आधीच्या भोकावर कागद चिकटवायचा आणि टार्गेट परत वर ढकलायचं. दिवसभर खळीने बोटं चिकट. कुणी कुरकुरलं की मला हसू यायचं, कारण खंदकात उभं राहिलं की कोण कसा मारतो ते सगळं कळतं. मिशांचा तिथे उपयोग नसतो.

घरी मी बैठकीच्या खोलीत जमिनीवर पालथी झोपून सराव करायची. रायफल क्लबातच ठेवावी लागते, म्हणून घरी झाडूचा दांडा. नवरा माझ्यावरून पाय टाकून टीव्ही लावायला जायचा आणि म्हणायचा, शत्रू दिसला का. पहिले काही दिवस त्याला वाटलं हे खूळ उतरेल. मग एक दिवस म्हणाला की या वयात कोपरं सोलून घेऊन तुला मिळणार काय आहे. मी म्हटलं, काही मिळायलाच पाहिजे का? तुम्ही क्रिकेट बघता, तुम्हाला काय पेन्शन मिळते? त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. पण दुसऱ्या दिवशी माझ्या कोपराखाली सोफ्याची उशी होती. तो असाच आहे, तोंडाने कधी कबूल करणार नाही.

सासूबाई मात्र पहिल्या दिवसापासून माझ्या बाजूने. त्यांना ऐकू कमी येतं, पण कुणी कुणाला काय बोललं ते त्यांना बरोबर कळतं. सेनापतीचं लेनवालं वाक्य मी त्यांना कानात ओरडून सांगितलं, तेव्हा त्यांनी हातातली सुपारी खाली ठेवली आणि एवढंच म्हणाल्या की त्याच्या दुकानातला नळ आपल्याकडे अजून गळतोय. शेवटच्या सामन्याला मी येणार म्हणजे येणार, हेही त्यांनी तेव्हाच जाहीर केलं.

त्या दिवशी त्या आल्या. मैदानाच्या मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या. क्लबच्या माणसाने गोळ्यांचा आवाज अडवायला कानावर लावायचे डबे आणून दिले, तर म्हणाल्या, मला नकोत, देवाने आधीच बसवून पाठवलंय. नवराही आला होता, हात मागे बांधून, आपण सहज आलोय असं दाखवत.

चिठ्ठ्या काढल्या तेव्हा पाच नंबर माझा निघाला आणि सहा सेनापतीचा. तो पंचाला म्हणाला, शेजारी नवशिकी दिलीत, आता माझं टार्गेट तुम्हीच सांभाळा. पंचाला आम्ही शिट्टीमास्तर म्हणतो, गळ्यात कायम शिट्टी असते म्हणून. माणूस सरळ, पण कुणी आवाज चढवला की विरघळतो. नवशिक्याचे गुण पंचानेच लिहायचे असतात, म्हणून तो माझ्या मागे बसला. दातवाले डॉक्टर खाली खंदकात, पाच आणि सहा नंबरची टार्गेटं त्यांच्याकडे.

तिथे आणखी एक रीत आहे. गोळी सुटल्या सुटल्या, टार्गेट वर येण्याच्या आधी, ती कुठे लागली असणार ते मारणाऱ्याने मोठ्याने सांगायचं. आधी बोला, मग बघा. आपला हात कुठे हलला ते आपल्याला कळलं पाहिजे, असा त्यामागचा अर्थ. मी सुरुवातीला भलतंच काहीतरी सांगायची. मोसम संपता संपता माझं आणि चकतीचं एकमत व्हायला लागलं होतं.

सामना सुरू झाला. वारा खट्याळ होता, झेंडे कधी लोळायचे, कधी उभे. माझ्या गोळ्या बऱ्या पडत होत्या. आठ, नऊ, मध्येच एक सात, एकदा दहा. दर वेळी नेम धरण्याआधी मी पुटपुटायची, पाच, पाच, पाच. शेवटच्या दोन गोळ्या उरल्या. शिट्टीमास्तर हळूच म्हणाला, आठ आणि दहा, किंवा दोन नऊ, की झालं. त्याने हे सांगायला नको होतं. पण सांगितलं, आणि मी मनातल्या मनात बेरीज करायला लागले.

मी ट्रिगर दाबला आणि दाबतानाच कळलं की खांदा हलला. “आठ,” मी म्हटलं, “उजवीकडे, खाली.” माझं बोलणं संपतं न संपतं तोच सेनापतीची रायफल वाजली आणि तो नेहमीसारखा गरजला, “दहा.”

माझं टार्गेट खाली गेलं. त्याचं गेलं नाही. सहा नंबर तसाच उभा, ढिम्म. सेनापती म्हणाला, खाली झोपले का काय डॉक्टर. माझं टार्गेट बराच वेळ खालीच होतं. मग ते वर आलं. त्यावर दोन चकत्या होत्या. एक उजवीकडे, खाली, आठवर. दुसरी मधोमध, दहावर.

मला समजायला क्षणभर लागला. मग समजलं, आणि हसूच आलं. नियमाप्रमाणे जास्त गुणांचं भोक माझं. दहा. म्हणजे शेवटच्या गोळीला आठ आली तरी मी सभासद, आणि या माणसाला शून्य. मी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. तो बघत होता टार्गेटकडे, आणि त्याच्या गालावरचा रंग उतरला होता. त्याला कळलं होतं. हे मी शपथेवर सांगते, त्याला त्याच क्षणी कळलं होतं.

पण तोंडातून काय आलं? म्हणाला, खंदकातल्या माणसाची चूक आहे. बाईंच्या टार्गेटवरच्या जुन्या भोकाचा कागद सुटला, त्यातच चकती बसवली. आणि त्याची गोळी? ती म्हणे त्याच्याच टार्गेटवर आधीच्या भोकातून आरपार गेली, म्हणून नवीन भोक नाही.

मी चटईवरूनच म्हटलं की आधीच्या भोकांवर कागद असतो आणि शेवटच्यात चकती असते. गोळी त्यातून गेली तर कागद फाटेल नाहीतर चकती फुटेल. शिट्टीमास्तरने खंदकात फोन लावला. डॉक्टर म्हणाले, सहा नंबर खाली घेऊन बघितला, सगळे कागद शाबूत, चकती शाबूत. पाच नंबरवर दोन्ही भोकं ताजी. दात बघण्यात माझं आयुष्य गेलंय, म्हणाले, नवं भोक आणि जुनं भोक मला कळतं.

आता याच्यावर काय बोलायचं राहतं? पण सेनापतीने आवाज चढवला आणि शिट्टीमास्तर विरघळला. म्हणाला, असं करू, आपण हे समितीपुढे ठेवू, सामना झाल्यावर शांतपणे ठरवू. तोवर बाईंचा हा गुण तसाच राखून ठेवतो. आणि बाई, तुमची वेळ चालू आहे, ती थांबवता येत नाही, बाकीच्यांचीही चालू आहे.

समिती म्हणजे कोण, ते मला ठाऊक होतं. कमोडवरच्या ढालीखाली बसून त्याच्या दुकानात चहा पिणारी चार माणसं. ती शांतपणे काय ठरवणार, तेही ठाऊक होतं. माझं पात्र ठरणं आता त्यांच्या हातात जाणार होतं. परत मी बाजूच्या सीटवर. माझा राग इतका वर गेला की त्याच्या पलीकडे एक थंडगार जागा असते, तिथे मी पोचले. मला तिथे छान वाटलं.

“राखून काही ठेवायचं नाही,” मी म्हटलं. “आठ लिहा.”

शिट्टीमास्तर वाकून म्हणाला, नीट विचार करा, मग शेवटची दहाच मारावी लागेल, वारा बघा कसा सुटलाय. मागून नवऱ्याचा आवाज आला, अगं, हक्काचं आहे ते, सोडतेस कशाला. मी मागे न बघता सांगितलं की मी सोडत काही नाहीये. मी आठ मारली, आठ बोलले, आठ लिहा.

त्याने लिहिलं. मी काडतूस भरलं. मान वर करून झेंडे बघितले. जवळचा लोळलेला, लांबचा अर्धा उठलेला. वाऱ्याच्या हिशेबाने साईट जराशी फिरवली. मान खाली. पाच, पाच, पाच. माथ्यावरचा नंबर वाचला, परत वाचला. लांबचा झेंडा पडण्याची वाट बघितली. शिट्टीमास्तर मागे घसा खाकरत होता, वेळ संपत आली की तो तसं करतो. झेंडा पडला. श्वास अर्धा सोडला. मी ट्रिगर दाबला असं म्हणवत नाही, तो दाबला गेला.

“दहा,” मी म्हटलं. आयुष्यात इतक्या सावकाश मी कधी बोलले नव्हते.

टार्गेट खाली गेलं, वर आलं. एकच चकती होती, मधोमध.

मागे नवरा काहीतरी ओरडला, सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. मी रायफल रिकामी केली, ती रिकामी असल्याचं पंचाला दाखवलं, खाली ठेवली आणि उठले. कोपरं भगभगत होती. सेनापती त्याच्या चटईवर बसून रायफलचा पट्टा सोडवत होता, कुणाकडेही न बघता. मी सरळ हॉर्नच्या खांबाकडे चालू लागले. शिट्टीमास्तर म्हणाला, बाई, तुमची काही चूक नाही, तुम्ही कशाला. मी चालतच राहिले. फुग्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं:

“समोरच्याला हॉर्न वाजवता येत नसेल तर बाजूच्या सीटवरून मी वाजवते. रोजचं काम आहे माझं. सेनापती, तुमच्या नावाने वाजवू का?”

कुणी हसलं नाही. माझा हात फुग्यावर तसाच. मी ठरवलं होतं, याने हो म्हणो की नाही, मी वाजवणारच, आणि मग मला काढा क्लबातून.

तो उठला. चालत आला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तो छाती न काढता चालला. माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“हात काढा, बाई,” तो म्हणाला. “माझा मी वाजवीन.”

मी हात काढला. त्याने फुगा दाबला. पहिल्यांदा नुसती हवा आली, कारण कुठे आणि किती दाबायचं हे त्याला ठाऊकच नव्हतं. दुसऱ्यांदा वाजला, घसा बसल्यासारखा, पण वाजला. मग त्याने स्वतःचं खरं नाव घेतलं, जे मी तोवर कधी ऐकलंही नव्हतं, आणि म्हणाला, मी चुकलो. मी त्याला ना हात मिळवला ना शाब्बास म्हटलं. ज्याने त्याने आपला हॉर्न वाजवायचा असतो, त्यात शाब्बासकी कसली.

सासूबाई खुर्चीतून नवऱ्याला विचारत होत्या की हॉर्न कुणी वाजवला. त्याने कानात सांगितलं. त्या म्हणाल्या, तरीच, ऐकू आला मला.

शिट्टीमास्तर कागद घेऊन माझ्याकडे धावत आला, चेहरा उजळलेला. म्हणाला, आता वादच मिटला, त्यांनी कबूल केलं, म्हणजे नियमाने तुमच्या आठची दहा होते, तुमचे दोन गुण वाढले, दुरुस्त करतो. त्याने पेन उघडलं सुद्धा.

मी त्याच्या पेनावर हात ठेवला.

“आठच लिहा,” मी म्हटलं. “ती माझी आहे.”